मराठवाड्यातील देवस्थानांची गाडीने यात्रा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेरूळ, पैठण, अंबाजोगाई, परळी, औंढा, माहूर आणि तुळजापूर ही ठिकाणे एका फेरीत करू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसऱ्या उत्तराशी जोडलेली असेल, तर तिथे तसा क्रमांक दिला आहे.

१. सगळी मुख्य देवस्थाने करायला किती दिवस लागतात?

छत्रपती संभाजीनगरहून निघून परत तिथेच यायचे धरले तर पाच दिवस दर्शनाचे आणि सहावा परतीचा. एकूण फेरी हजार ते सव्वाहजार किलोमीटरच्या आसपास भरते. माहूर वगळले तर एक दिवस वाचतो.

"तीन दिवसांत होईल का?" असे बरेच जण विचारतात. गाडी तीन दिवसांत फिरून येईल, पण घरातली म्हातारी माणसे रांगेत उभी राहून थकलेली असतील आणि प्रत्येक गाभाऱ्यापुढे दोन सेकंद हात जोडून पुढे सरकलेली असतील. आमचे आग्रहाचे सांगणे एकच आहे : दिवसाला एक मोठे दर्शन, फार तर दोन. गाडीतल्या सर्वांत वयस्कर माणसाला संध्याकाळी किती त्राण उरेल, त्यावर दिवसाचा बेत ठरवा.

२. सुरुवात कुठून करावी? क्रम कसा लावावा?

तुम्ही कुठून येता त्यावर ते ठरते. मुंबई-नाशिककडून समृद्धी महामार्गाने येणाऱ्यांना माळीवाडा इथे उतरले की वेरूळ जवळ पडते. पुण्याहून अहिल्यानगरमार्गे संभाजीनगर किंवा सोलापूरमार्गे तुळजापूर, दोन्ही सोयीचे. कोल्हापूर-सांगलीकरांनी तुळजापूरपासून सुरुवात करून उलटे फिरावे. नागपूर-वर्ध्याहून यवतमाळमार्गे येणाऱ्यांना माहूर आधी लागते.

संभाजीनगरहून निघणाऱ्यांसाठी आम्ही सुचवतो तो क्रम असा.

पहिल्या दिवशी सकाळी लवकर वेरूळला घृष्णेश्वर. शहरापासून तीसेक किलोमीटर. तिथून चार-पाच किलोमीटरवर खुलताबादचा भद्रा मारुती, निद्रिस्त अवस्थेतला. दुपारी जेवण करून पैठण गाठावे. गोदाकाठचे एकनाथ महाराजांचे समाधी मंदिर आणि गावातला नाथांचा वाडा संध्याकाळी निवांत पाहता येतो. मुक्काम पैठण.

दुसऱ्या दिवशी पाचोड, गेवराई करत बीड. बीडमध्ये कंकालेश्वराचे पाण्यातले मंदिर आहे. पुढे मांजरसुंबा फाट्याजवळ कपिलधार, मन्मथस्वामींचे समाधिस्थान. पावसाळ्यात तिथला धबधबाही भरात असतो. नेकनूर, केज करत अंबाजोगाईला मुक्कामाला पोहोचा आणि सायंकाळच्या आरतीला योगेश्वरीसमोर उभे राहा. जमले तर दुसऱ्या दिवशी पहाटे मुकुंदराज आणि दासोपंतांच्या समाधीलाही जाऊन या.

तिसऱ्या दिवशी परळी, अंबाजोगाईहून पंचवीस किलोमीटर. वैजनाथाचे दर्शन सकाळी आटोपले की गंगाखेड, परभणी करत औंढा नागनाथ. हा टप्पा लांबचा आहे, मध्ये जेवण होईल. औंढ्याहून वसमतमार्गे नांदेडला मुक्काम.

चौथा दिवस पूर्ण माहूरचा. नांदेडहून जायला सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, परत यायला तितकेच.

पाचव्या दिवशी नांदेड, लोहा, अहमदपूर, लातूर, औसा करत तुळजापूर. हा सगळा राष्ट्रीय महामार्ग ३६१ आहे, अंतर दोनशेच्या वर. वाटेत माळेगावचा खंडोबा रस्त्यालगतच लागतो. तुळजापूरला मुक्काम करून पहाटेचे दर्शन घ्या आणि मग राष्ट्रीय महामार्ग ५२ ने धाराशिव, बीड करत परत फिरा.

नकाशाच्या ॲपमध्ये किंवा जुन्या फलकांवर औरंगाबाद आणि उस्मानाबाद ही नावे अजून दिसतात. गावे तीच, गोंधळू नका.

३. कोणता महिना चांगला?

मार्गशीर्ष ते माघ. हवा थंड, रस्ते कोरडे, ज्वारी उभी, आणि पौष-माघात वाटेत हुरडाही मिळतो. चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि देवळातली फरशी अनवाणी पायांना सहन होत नाही. उन्हाळ्यातच जायचे असेल तर दर्शन सकाळी नऊच्या आत आणि प्रवास अकराच्या आत संपवा. दुपार सावलीत काढा, संध्याकाळी पुढे निघा.

हिवाळ्यातही एक धोका आहे, तो प्रश्न ७ मध्ये सांगितला आहे.

४. कोणते दिवस टाळावेत?

गर्दीतच दर्शन घ्यायचे असा भाव असेल तर टाळू नका. यात्रेच्या दिवशी गावाला जी कळा येते, ती एरवी येत नाही. पण लहान मुले, म्हातारी माणसे बरोबर असतील तर हे दिवस लक्षात ठेवा.

ज्योतिर्लिंगांना सोमवार, श्रावण आणि महाशिवरात्र. यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. उत्तर भारतीय पंचांगाचा श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो. त्यामुळे आपला आषाढ चालू असतानाच वेरूळला गर्दी वाढू लागते.

तुळजापूरला मंगळवार, शुक्रवार, रविवार आणि पौर्णिमा. शारदीय नवरात्र आणि त्यानंतरची अश्विन पौर्णिमा तर वेगळेच प्रकरण आहे. त्या काळात सोलापूर-तुळजापूर रस्त्याने लाखो लोक पायी येतात आणि वाहतूक दुसऱ्या मार्गाने वळवली जाते. गाडीने जाणाऱ्यांनी तेव्हा हा बेत आखूच नये.

पैठणला फाल्गुन वद्य षष्ठीची नाथषष्ठी. येरमाळ्याला येडेश्वरीची चैत्र पौर्णिमा. भद्रा मारुतीला हनुमान जयंती आणि श्रावणातले शनिवार. माहूरला नवरात्र आणि दत्त जयंती.

अधिक महिन्यात माजलगाव तालुक्यातल्या पुरुषोत्तमपुरीला गोदाकाठी मोठी गर्दी लोटते. २०२६ साली अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन मे-जूनच्या उन्हात. पाणी आणि टोपी घेतल्याशिवाय त्या रांगेत उभे राहू नका.

५. स्वतःची गाडी न्यावी, भाड्याने घ्यावी की एसटीने जावे?

सलग गाडी चालवणारी दोन माणसे घरात असतील तरच स्वतःची. एकाच माणसाने पाच दिवस गाडी चालवायची आणि रांगेतही उभे राहायचे, हे जमत नाही. चौथ्या दिवशी माहूरहून परतताना डोळे मिटू लागतात.

भाड्याची गाडी घेताना नंबरप्लेट पिवळी आहे का ते आधी पाहा. पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी स्वस्तात मिळते, पण अपघात झाला तर विम्याचा दावा नाकारला जाण्याची भीती असते. बोलणी करताना चार गोष्टी कागदावर घ्या : रोजचे किमान किलोमीटर किती धरणार, चालकाचा भत्ता, टोल आणि पार्किंग कोणाकडे, आणि चालकाच्या झोपण्याची सोय. शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. तुम्ही भक्तनिवासात आणि चालक गाडीत पाय दुमडून, असे चालणार नाही. त्याची रात्रीची झोप पुरी झाली पाहिजे, तुमचा जीव त्याच्या हातात आहे.

एसटीने जाणाऱ्यांसाठी सवलती चांगल्या आहेत. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना राज्यात मोफत प्रवास, ६५ ते ७४ वयाच्या ज्येष्ठांना आणि महिलांना अर्धे तिकीट. वयाचा पुरावा जवळ ठेवा. फक्त क्रम सुटसुटीत करा : संभाजीनगर, बीड, परभणी, नांदेड, लातूर अशा मोठ्या स्थानकांना धरून फिरा. आडगावची देवस्थाने एसटीने एका दिवसात दोन होत नाहीत.

दुचाकीवाल्यांसाठी : समृद्धीवर दुचाकीला परवानगी नाही.

६. मुक्कामाची सोय कुठे चांगली? आधी ठरवावी लागते का?

नांदेड आणि लातूरला हवी तशी लॉज-हॉटेले मिळतात. नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्याची यात्रीनिवासे मोठी आहेत आणि लंगर सर्वांना खुला आहे. आपल्या यात्रेत तिथेही माथा टेकवून यावे. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी याच ठिकाणी देह ठेवला.

तुळजापूर, परळी, औंढा, माहूर इथे भक्तनिवास आणि लहान लॉज आहेत. एरवी जाऊन खोली मिळते, पण प्रश्न ४ मधल्या दिवसांत मिळत नाही. खोली ठरवताना तळमजल्याची आणि कमोडची मागा. गुडघेदुखीच्या माणसाला हीच सोय सर्वांत मोठी.

खोली किंवा दर्शनाचा पास ऑनलाइन घेताना देवस्थानाच्या अधिकृत संकेतस्थळाशिवाय कुठेही पैसे भरू नका. देवस्थानांच्या नावाने खोटी पाने काढून फसवणारे आहेत. पैसे एखाद्या व्यक्तीच्या खात्यावर मागितले की तिथेच थांबा.

७. रात्री प्रवास केला तर एक दिवस वाचेल. करावा का?

नाही. दिवाळीनंतर ऊस गाळप हंगाम सुरू होतो आणि बीड, लातूर, धाराशिव, परभणीच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रभर चालतात. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागे दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रकाशात ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. यात्रेहून परतणाऱ्या गाड्या अशा ट्रॉल्यांवर आदळल्याच्या बातम्या दर हंगामात येतात.

दिवस मावळायच्या आत मुक्कामाला पोहोचा. माहूरच्या वाटेवर जंगल आणि वळणे आहेत, तिथून तर चारच्या सुमारास निघालेले बरे. अडचण आलीच तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि राष्ट्रीय महामार्गावरच्या मदतीसाठी १०३३.

८. आई-वडील सत्तरीच्या पुढचे आहेत. कुठे त्रास होईल?

तीन ठिकाणी विशेष.

औंढ्याला ज्योतिर्लिंग तळघरासारख्या गाभाऱ्यात आहे. खाली उतरायची वाट अरुंद आहे, वाकून जावे लागते आणि गर्दीत आत कोंदट होते. दमा, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी सोमवारी किंवा श्रावणात खाली उतरण्याचा हट्ट धरू नये. वर सभामंडपातून हात जोडले तरी नागनाथापर्यंत पोहोचतात. इथला नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे. नामदेव महाराजांना मागे जाऊन कीर्तन करायला सांगितले तेव्हा देऊळच फिरले, ही कथा त्यांना तिथे बसवून सांगा. नामदेवांना विसोबा खेचर भेटले तेही इथेच.

माहूरला रेणुकामातेचे मंदिर गडावर आहे आणि शेवटी पायऱ्या चढाव्याच लागतात. डोली मिळते का ते पायथ्याशी विचारा. दत्तशिखर आणि अनसूया ही ठिकाणेही उंचावर आहेत. तिन्ही शिखरे एकाच दिवशी वयस्कर माणसाकडून करवून घेऊ नका, रेणुकेचे दर्शन आणि तांबूलाचा प्रसाद एवढे पुरे. गर्दीच्या काळात खासगी गाड्या खालीच अडवतात आणि पुढे एसटीने जावे लागते.

तुळजापूरला उलट आहे. महाद्वारातून आत गेले की पायऱ्या उतरायच्या असतात, ते सोपे वाटते. दर्शन झाल्यावर थकलेल्या पायांनी त्याच चढायच्या असतात. वेळ ठेवा, मध्ये बसू द्या.

मधुमेहींनी दर्शन होईपर्यंत उपाशी राहण्याचा नेम या प्रवासात बाजूला ठेवावा. रांग किती वेळ घेईल याचा नेम नसतो. गोळ्या गाडीत ठेवू नका, अंगावरच्या पिशवीत ठेवा. गंभीर दुखणे उद्भवले तर अंबाजोगाई, लातूर, नांदेड आणि संभाजीनगर इथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची मोठी रुग्णालये आहेत.

९. वेरूळला पुरुषांना शर्ट काढावा लागतो का? लेणीही त्याच दिवशी होतील का?

हो, गाभाऱ्यात जाताना पुरुषांनी कमरेच्या वरचे कपडे काढायचे असतात. कमरेचा पट्टा आणि चामड्याचे पाकीट बाहेर ठेवा. आजचे मंदिर अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी उभारले, परळीच्या मंदिराचा जीर्णोद्धारही त्यांचाच.

लेणी मंदिरापासून अगदी जवळ आहेत. मंगळवारी मात्र ती बंद असतात. वेळ कमी असेल तर कैलास लेणे तेवढे पाहा.

१०. परळी आणि औंढा ही खरी ज्योतिर्लिंगे आहेत का? देवघर आणि द्वारकेजवळचे नागेश्वर कोणते मग?

हा प्रश्न कुणाला तरी कमी लेखण्याच्या सुरात येतो, म्हणून नीट उत्तर देतो. बारा ज्योतिर्लिंगांच्या प्रचलित स्तोत्रात 'परल्यां वैद्यनाथं च' आणि 'नागेशं दारुकावने' असे उल्लेख आहेत. पहिल्याचा अर्थ महाराष्ट्रात उघडच परळी असा घेतात. झारखंडातल्या देवघरचे भाविक दुसऱ्या पाठाचा आधार देतात. दारुकावन कुठले, यावर औंढा, द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातले जागेश्वर अशा तीन परंपरा आहेत. प्रत्येक परंपरा पिढ्यान्‌पिढ्या पूजेने जिवंत राहिली आहे. मराठवाड्यातल्या माणसाला वैजनाथ परळीचा आणि नागनाथ औंढ्याचा, यात शंका येत नाही. तुम्हाला बाराची गणना पूर्ण करायची असेल आणि मन खात असेल, तर दोन्हीकडे जा.

११. तुळजापूरला पुजारी गाठावाच लागतो का? ओटी, अभिषेक, गोंधळ यांचे कसे?

नुसत्या दर्शनासाठी नाही. रांगेत उभे राहा, दर्शन होते. घाईत असाल तर मुखदर्शनही आहे.

तुळजाभवानी तुमची कुलस्वामिनी असेल तर मात्र घरात विचारा. बऱ्याच घराण्यांचे पुजारी पिढ्यांपासून ठरलेले असतात. आजोबांच्या काळातले नाव कळले तर त्या घरी जाता येते आणि कुळाचार त्यांच्याकडून नीट होतो. नाव कोणालाच आठवत नसेल तर वाटेत गाडी अडवून 'चला, मी करून देतो' म्हणणाऱ्यामागे जाऊ नका. मंदिराच्या कार्यालयात चौकशी करा. पूजेची रक्कम आधी ठरवा, पावती मागा.

अभिषेक पूजा सकाळ-संध्याकाळच्या ठरलेल्या वेळी होते, म्हणून आदल्या दिवशी मुक्कामाला असलेले बरे. ओटीचे खण-नारळ, परडी, कवड्यांची माळ गावात सगळीकडे मिळते. जागरण-गोंधळ घालायचा असेल तर अर्धा दिवस वेगळा काढा. गोंधळ्यांची संबळ आणि दिवटी घाईघाईने उरकायची गोष्ट नाही.

१२. देवी निद्रेत असताना गेलो तर दर्शन होते का?

होते, पण सिंहासनावर नाही. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. वर्षातून तीनदा ती पलंगावर निद्रेस नेली जाते : नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य पक्षात घोर निद्रा, दसऱ्यानंतर अश्विन पौर्णिमेपर्यंत श्रम निद्रा, आणि पौषातल्या शाकंभरी नवरात्राआधी मोह निद्रा. या दिवसांत पलंगावरच्या देवीचे दर्शन मिळते, सिंहासनावरच्या अभिषेक पूजा होत नाहीत. नवसाचा अभिषेक राहिला असेल तर पंचांग पाहूनच निघा.

१३. आधी कुलदैवत की आधी ज्योतिर्लिंग?

क्रमाचा सक्तीचा नियम नाही. नवविवाहित जोडप्याने आधी कुलदैवताला जावे ही रीत घराघरांत आहे आणि ती पाळावी. त्यांनी प्रश्न २ मधला क्रम उलटा करून तुळजापूर किंवा अंबाजोगाई आधी घ्यावे. योगेश्वरी ही अनेक कोकणस्थ घरांची कुलस्वामिनी, त्यामुळे कोकणातून इतक्या दूर येणारी मंडळी अंबाजोगाईला दरवर्षी दिसतात. परळीच्या वैजनाथाशी तिचे लग्न ठरले होते, वऱ्हाडाला उशीर झाला, मुहूर्त टळला आणि देवी इथेच राहिली, अशी कथा सांगतात. गणपतीपासून सुरुवात हवी असेल तर जालना जिल्ह्यातला राजूरचा गणपती आहे.

१४. घरात सुतक आहे, गाडी ठरलेली आहे. जावे का?

सुतक फिटेपर्यंत नाही. त्यापुढे किती दिवस थांबायचे, यात घराघरांत फरक आहे. काही घरांत तेराव्यानंतर चालते, काही वर्षश्राद्ध होईपर्यंत तीर्थयात्रा करत नाहीत. आपल्या घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द घ्या. वाटेत असताना बातमी आली तर यात्रा तिथेच सोडून घरी परतावे. गाडीवाल्याला आगाऊ देताना अशा प्रसंगी किती परत मिळेल, तेही प्रश्न ५ मधल्या कागदावर लिहून घ्या.

१५. प्रवासात पाळी आली तर काय करायचे?

हा प्रश्न बायका खासगीत विचारतात, म्हणून इथे मोकळेपणाने लिहितो. देवळात जायचे की नाही, ते तिने ठरवावे. तिच्यावर कोणी जोर करू नये, हिणवू तर मुळीच नये. ती थांबणार असेल तर बंद गाडीत उन्हात बसवून ठेवू नका. खोली घेतलेली असेल तर तिथे, नाहीतर सावलीत, कोणी तरी सोबत थांबा. पाच दिवसांची यात्रा आहे, एखादा जादा दिवस हाताशी ठेवला तर शेवटचे दर्शन सगळ्यांचे मिळून होते. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या मैत्रिणीने सांगितल्या म्हणून घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

१६. पावसाळ्यात निघालो आहोत. रस्त्याचे काय?

मराठवाड्यात मोठा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात, परतीचा असतो. ओढ्या-नाल्यांवरचे कमी उंचीचे पूल तेव्हा पाण्याखाली जातात. पुलावरून पाणी वाहत असेल तर घोटाभर असले तरी गाडी घालू नका, पूल कुठे खचला आहे ते वरून दिसत नाही. थांबा किंवा मागच्या गावी मुक्काम करा. दुसरे म्हणजे गाडी डांबराखाली उतरवू नका. काळ्या मातीत चाक रुतले की ट्रॅक्टर बोलावल्याशिवाय निघत नाही.

१७. वाटेवर संतांची ठिकाणेही करायची आहेत. कोणती जमतील?

आम्हाला हा प्रश्न सर्वांत आवडतो, कारण ही ठिकाणे बहुतेक गाड्या ओलांडून पुढे जातात. पैठणहून थोड्या अंतरावर आपेगाव, ज्ञानेश्वर माउलींचे गाव. गंगाखेड जनाबाईंचे, परळी-औंढा वाटेवरच आहे, अर्धा तास पुरतो. हिंगोलीजवळ नर्सी नामदेव, औंढ्याहून थोडे आडवळण घेतले की होते, पण मग नांदेडला पोहोचायला अंधार होईल. त्या दिवशी औंढ्यालाच मुक्काम करा. धाराशिवजवळ तेर, गोरोबाकाकांचे. तिथले संग्रहालय आणि त्रिविक्रम मंदिरही पाहा. घनसावंगी तालुक्यातले जांब हे समर्थ रामदासांचे जन्मस्थान, त्याला जालन्याच्या बाजूने वेगळा अर्धा दिवस लागतो.

१८. एखादे दर्शन राहिलेच तर काय गाळावे?

वेळ कमी पडू लागला की पहिला बळी माहूरचा जातो. शक्य असेल तर माहूर घाईत उरकण्यापेक्षा संपूर्ण पुढच्या खेपेला ठेवा. साडेतीन पीठांपैकी कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही पूर्ण पीठे. त्यातल्या माहूरला गडावर एक रात्र तरी मिळावी.

परळी आणि अंबाजोगाई एकमेकांजवळ आहेत, त्यातले एक गाळून काही वाचत नाही. औंढ्याला रांग फार लांब असेल तर तिथेच मुक्काम करून पहाटे पुन्हा जा, पुढचा दिवस अर्ध्या दिवसाने सरकला तरी चालेल. नवस बोललेले ठिकाण मात्र कधीच गाळू नका. ते यादीत पहिले लिहा आणि बाकीचा प्रवास त्याच्याभोवती मांडा.